टिपणीस काकांची तयारी

आमच्या शेजारच्या फ्लॅटमधले टिपणीस काका दर रविवारी सकाळी बाल्कनीत जुना पेपर अंथरतात, अख्खा चेहरा झाकणारा काळा मास्क चढवतात आणि बनियन-पायजम्यावर मांडी घालून बंदूक साफ करायला बसतात. नोएडात राहायला आलो त्याच्या पहिल्याच रविवारी मी चहाचा कप घेऊन माझ्या बाल्कनीत आलो, हे दृश्य पाहिलं आणि तसाच उलट्या पावली आत गेलो. घरमालकाला फोन लावला. तो म्हणाला, वो अंकल तो बिल्कुल सीधे हैं, आप टेन्शन मत लो. मी टेन्शन घेतलंच.

दोन दिवसांनी लिफ्टमध्ये काकांनीच मला पकडलं. दारावरची पाटी वाचून मी पुण्याचा आहे हे त्यांनी ताडलं होतं. ती बंदूक नव्हे, पेंटबॉलचा मार्कर, असं त्यांनी मला चौथ्या मजल्यापर्यंत समजावून सांगितलं. रंग भरलेल्या गोळ्या, गॅसच्या दाबाने सुटतात, ज्याला लागल्या तो बाद. हे सगळ्यात साधं, नवशिक्याचं मॉडेल. "पण साधं असलं म्हणून काय झालं," काका म्हणाले, "निगा राखली की आपल्यालाही पुरून उरेल."

मग घरी एकटं बसून मास्क कशाला, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुण्याचा असण्याबद्दलच त्यांना शंका आली असावी. "डोळा काय, आपण एकटे आहोत की चारचौघांत, ते बघून फुटतो का?"

काकांची सगळी हयात केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात, एकाच सेक्शनमध्ये गेली. तिथली शिस्त त्यांनी निवृत्तीनंतर या मार्करला लावली. पहिला नियम, आधी हवा काढा, मग बोला. म्हणजे सिलिंडर फिरवून सोडवायचा, नळीचं तोंड सुरक्षित दिशेला करून आत अडकलेला गॅस सोडून द्यायचा, नळीवर कापडी टोपी चढवायची, आणि त्यानंतरच बाकी जगाकडे लक्ष द्यायचं. मधे दूधवाला येवो, इस्त्रीवाला येवो, काकूंच्या माहेरचं कोणी येवो, सगळ्यांना दारात थांबावं लागतं. आतून फुस्स आवाज आला की इस्त्रीवाला आपणहून म्हणतो, चलो, हवा निकल गई, आणि कपडे घेऊन आत शिरतो.

मग नळीतून फडकं ओढायचं. मग रबरी रिंगा एकेक करून काढून, पुसून, उन्हाकडे धरून बघायच्या. मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, दुसरा नाही. या रिंगांचा त्यांना इतका नाद की एकदा सोसायटीचे सेक्रेटरी गुप्ताजी, घरात हत्यार ठेवल्याची तक्रार घेऊन तावातावाने आले आणि तासाभराने स्वतःच्या घरच्या कुकरची रिंग काकांना दाखवायला घेऊन आले. माझ्या कुकरची शिट्टी होत नाही हे काकांना भिंतीपलीकडून कळायचं. दार वाजवून म्हणायचे, रिंग वाळलीय, बदल.

गोळ्यांचं प्रकरण आणखी नाजूक होतं. त्या दमट हवेत फुगतात, उन्हात मऊ पडतात, एका कुशीवर पडून राहिल्या की चपट्या होतात. म्हणून काका त्यांना स्टीलच्या डब्यात ठेवत, सोबत तांदळाची पुरचुंडी, आणि अधूनमधून डबा हळूच हलवून त्यांना कूस बदलायला लावत. हा डबा पूर्वी स्वयंपाकघरात असायचा. पण गोळ्यांचं कवच जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून करतात हे काकूंच्या कानावर आलं, तेही नेमकं चातुर्मासात. डबा त्या संध्याकाळी चपलांच्या रॅकवर गेला. उन्हाळ्यात तो एसीच्या खोलीत येतो. "गोळ्यांना एसी आणि मला गॅससमोर घाम," असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मार्करला मात्र त्यांनी कधी बोटही लावलं नव्हतं. त्या त्याला 'ते' म्हणायच्या. ते उचला, मला पुसायचंय.

काकूंबद्दल सांगायलाच हवं. सकाळी पार्कातला योग, दुपारी किटी पार्टी, गुरुवारी मराठी मंडळाचं भजन, बाई सगळ्यांना हवी. काकांना सोसायटीत मिसेस टिपणीस के हज़्बंड म्हणून ओळखतात. त्यांचे ऑफिसातले मित्र निवृत्त झाल्या झाल्या पुण्या-नागपूरला निघून गेले.

आणि मी? माझी अवस्था काय वेगळी होती? आठवडाभर ऑफिस असायचं, पण दिल्लीतला रविवार मला खायला उठायचा. अशाच एका रविवारी काकांनी बाल्कनीतून हाक मारली, हातात फडकं दिलं आणि म्हणाले, ओढ नळीतून. नंतर काकूंनी पोहे दिले, वर भरपूर खोबरं घालून. त्या दिवसापासून मी रविवारची वाट बघायला लागलो. खरं सांगतो, तो पहिला हिवाळा मी त्या घराच्या जोरावर काढला. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत, आणि फेडायची घाईही नाही.

एक गोष्ट मात्र मला चमत्कारिक वाटायची. एवढी निगा, पण खेळ कुठाय? महिन्यातून एकदा गच्चीवर टांगलेल्या जुन्या चटईवर चार गोळ्या झाडायच्या, बस्स. मैदानावर कधी खेळलात, असं विचारलं की काका ठरलेलं उत्तर द्यायचे.

"तयारी चालू आहे."

गेल्या जानेवारीत आमच्या ऑफिसची टीम मानेसरजवळच्या एका मैदानावर पेंटबॉल खेळायला जाणार असं ठरलं. मी उत्साहाने काकांकडे मार्कर मागायला गेलो. काका एकदम हरखले. म्हणाले जरूर ने, आणि सुटा गॅस सिलिंडर आणायला आतल्या खोलीत गेले. तेवढ्यात काकू हळू आवाजात म्हणाल्या, "ते का घेतलंय ह्यांनी, ठाऊक आहे तुला?"

मला कुठलं ठाऊक असायला. तुझ्या फ्लॅटमध्ये तुझ्याआधी दिल्लीचीच चार पोरं राहायची, काकू सांगू लागल्या. एकदा ती पेंटबॉल खेळून आली, रंगाने माखलेली. लिफ्टमध्ये काकांनी सहज चौकशी केली, तर पोरं म्हणाली, अंकल, अगली बार आप भी चलिए ना. काकांनी आठवड्यात मार्कर आणला. पुस्तिका वाचून काढली, मास्क घेतला. प्रत्येक शनिवारी संध्याकाळी सगळं पुसून तयार. पोरं लिफ्टमध्ये भेटली की नमस्ते अंकल म्हणायची. पुढे ती बंगळुरूला गेली.

दिल्लीत अगली बार आप भी चलिए, कभी घर आइए, खाना खाके जाइए, हे सगळं नमस्कारासारखं असतं. म्हणणारा प्रेमाने म्हणतो, ऐकणारा प्रेमाने हो म्हणतो आणि दोघंही आपापल्या घरी जातात. पण आपल्याकडे चहाचंसुद्धा कोणी उगाच विचारत नाही. विचारलं की विचारलं. अख्खी नोकरी दिल्लीत काढूनही काका या बाबतीत तसेच राहिले होते.

ते सिलिंडर घेऊन बाहेर आले. मी म्हटलं, "काका, मार्कर एकटा नाही नेणार. तुम्हीच चला."

ते थांबले. सिलिंडर टेबलावर ठेवला. मग फार सावकाश म्हणाले, "हे दिल्लीचं चला, की पुण्याचं?"

"पुण्याचं. शनिवारी सकाळी सात वाजता. खाली गेटपाशी."

शनिवारी मी सातला खाली उतरलो तर काका स्वेटर, मफलर, कानटोपी, पाठीवर सॅक, अशा थाटात गेटच्या चौकीदाराला रबरी रिंगांबद्दल काहीतरी सांगत उभे होते. धुक्यात गाडी रांगत गेली. सगळ्या रस्त्यात ते मांडीवरच्या पेटीवर हात ठेवून बसले होते.

मैदानावर भलताच गारठा होता. आमच्या टीममधल्यांनी भाड्याचे मार्कर घेतले, ओरखडे पडलेले, नळीत मागच्या खेळाचा रंग सुकलेला. काकांनी आपला काढला तेव्हा सगळे बघायला जमले. मला भलताच अभिमान वाटला. शिट्टी झाली. काका टायरांच्या ढिगामागे गेले, नेम धरला, खटका ओढला.

काही नाही. पुन्हा ओढला. आतून एक मलूल फुस्स आलं आणि गोळी नळीच्या तोंडातून जेमतेम खाली पडली.

दुसरा कोणी असता तर पळाला असता. काकांनी काय करावं? भर लढाईत मांडी घातली आणि नियमाप्रमाणे आधी हवा काढायला घेतली. सिलिंडर सोडवला, नळीवर टोपी चढवली, आणि पुढचा भाग उघडतायत तोच समोरून आमच्या एचआरची हिमानी आली. तिने बिचारीने डोळे मिटून गोळी झाडली. ती काकांच्या छातीवर बरोबर मधोमध फुटली. गुलाबी रंग.

इतक्या वर्षांची वाट, आणि एकही गोळी न झाडता बाद. हिमानी सॉरी अंकल, सॉरी अंकल करत धावत आली. काका नियमाप्रमाणे एक हात वर करून उठले. मास्कच्या काचेवर वाफ धरली होती, चेहरा दिसेना. मैदानाबाहेर आल्यावर त्यांनी मास्क काढला, छातीकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळले.

"लागली रे मला," ते म्हणाले. डोळे भरून आले होते आणि ते चक्क हसत होते.

मग बाकावर बसून आम्ही मार्कर उघडला. आत सगळीकडे काहीतरी पांढरं, घट्ट थिजलेलं होतं. काकांनी बोटावर घेऊन वास घेतला, मग बोट माझ्या नाकाशी धरलं. खोबरेल तेल. दिल्लीच्या थंडीत प्रत्येक मराठी घरातली बाटली सकाळी उन्हात ठेवावी लागते, तेच. आदल्या संध्याकाळी शिलाई मशीनचं तेल संपलेलं निघालं, म्हणून काका हिरमुसून लवकर झोपले होते. पुढे काय झालं असेल हे दोघांनाही कळलं. थेंब नव्हता तो, चांगली पळीभर माया होती.

"तिने पहिल्यांदा हात लावला त्याला," काका म्हणाले. "तिच्यापाशी बोलू नकोस हां."

पुढचे सगळे डाव ते भाड्याच्या मार्करने खेळले आणि प्रत्येक डावात बाद झाले. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांचे मार्कर साफ करून देत बसले. अंकल, मेरा भी देख लो, म्हणत आमची टीम रांग लावून उभी. निघताना हिमानी म्हणाली, अंकल, अगली बार भी आना है. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हे खरं होतं.

घरी काकू दारातच उभ्या होत्या. छातीवरच्या गुलाबी डागाकडे त्यांनी आधी पाहिलं, मग पेटीकडे. "नीट चाललं का ते?"

"इतकं छान कधीच चाललं नव्हतं," काका म्हणाले.

तो स्वेटर अजून धुतलेला नाही. आणि आता रविवारी बाल्कनीत पेपर अंथरला की काकू खोबरेलाची बाटली उन्हातून उचलून आणतात आणि अगदी निरांजनात घालावं तसं मार्करमध्ये तेल घालतात. काका मास्कच्या आतून म्हणतात, वा. काकू भजनाला किंवा किटीला गेल्या की काका पुन्हा सगळं उघडतात, पुसून काढतात आणि मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडतात. काम दुप्पट झालंय. मी दरवाजाकडे लक्ष ठेवायला बसतो.