सातव्यांदा ठरलेलं व्याख्यान

व्याख्यानाची तारीख ठरवण्याआधी डॉ. एसिल्फींनी मंडळाच्या आठही सभासदांच्या घरी जाऊन त्यांचा रक्तदाब मोजला. लोकांना हा चक्रमपणा वाटला, पण सहा वेळा तोंड पोळलेला माणूस दुसरं काय करणार?

मंडळ म्हणजे युरोपातल्या एका गारठलेल्या विद्यापीठात शिकून आलेल्यांचं, अक्रा शहरातलं माजी विद्यार्थी मंडळ. कधीकाळी चाळीस माणसं होती, आता एसिल्फी धरून नऊ उरली होती. वर्षाला दोन कार्यक्रम ठरलेले. डिसेंबरात जेवण आणि मार्चमधल्या एका शनिवारी विद्वत्तापूर्ण व्याख्यान. जेवण कधी चुकलं नाही. व्याख्यानाचं मात्र भलतंच होऊन बसलं होतं. मयताचा सोहळाही आपल्या अक्राकडे माणूस गेल्यावर काही आठवड्यांनी, शनिवारीच असतो, आणि सभासदाच्या मयताला मंडळाने जायचं नाही म्हणजे तोंड दाखवायला जागा राहत नाही. गेली सहा वर्षं दर मार्चला एसिल्फींचं व्याख्यान ठरे, दर वर्षी कुणीतरी सभासद जाई, आणि नेमका तोच शनिवार त्याच्या घरचे धरत. शेवटी शेवटी तर निमंत्रण हातात पडलं की लोक आधी मृत्युपत्र शोधायला लागले.

विषय होता कोकोच्या झाडाच्या फांद्या सुजवणारा रोग आणि तो पसरवणारे पिठ्या ढेकूण. एसिल्फींनी ऐन तारुण्याची पाच वर्षं त्यावर घालवली होती. तो प्रबंध दोन परीक्षकांनी वाचला, आणि त्यातला एक वाचताना झोपला होता. आता एसिल्फी चौऱ्याहत्तर वर्षांचे होते, डाव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नव्हतं. आपण जे शोधलं ते मरायच्या आत एकदा तरी कुणीतरी जागेपणी ऐकावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

"एकशे वीस, ऐंशी!" न्यार्कोच्या दंडाचा पट्टा सोडताना त्यांचा आवाज आनंदाने चिरकला. "लेका, तू तर घोडा आहेस."

न्यार्को मंडळाचा अध्यक्ष. शिकला इतिहास, पण त्या गारठ्यात एसिल्फींच्या शेजारी बसून त्याने रात्रंदिवस ढेकूण मोजले होते. "तू ठरव रे तारीख," तो म्हणाला. "मी पहिल्या रांगेत बसणार. मेलो तरी येणार, बघच."

"असलं अभद्र बोलू नकोस."

"बरं, नाही मरत. जेवून जा."

एसिल्फींनी मार्चमधला एक शनिवार ठरवून निमंत्रणं धाडली. पुढच्याच महिन्यात, एका मंगळवारी दुपारी, कुटलेल्या कंदांच्या फुफूचं भरपेट जेवण करून न्यार्को आरामखुर्चीत बसला तो परत उठलाच नाही.

तिसऱ्या दिवशी न्यार्कोच्या गावाहून मयताचं भलंमोठं रंगीत पोस्टर आलं. त्यात न्यार्को दात काढून हसत होता, आणि त्याच्या हनुवटीखाली तारीख होती. तीच! व्याख्यानाचीच!

"क्वेकूचे बाबा, कुठे निघालात?" बायकोने, आराबाने विचारलं.

"गावी. घरच्या वडीलधाऱ्यांना भेटतो. शीतपेटीत आहे तो, आठवडाभराने काय बिघडणार आहे?"

"तुमचा मित्र गेलाय हो! आणि तुम्ही तारखा बघताय?"

"तोच म्हणाला होता, ठरव म्हणून!" एसिल्फी ओरडले, आणि जिनच्या दोन बाटल्या पिशवीत टाकून निघाले. वडीलधाऱ्यांकडे रिकाम्या हाताने जाता येत नाही.

न्यार्कोचं गाव कोकोच्या बागांमध्ये, चार तासांवर होतं. घरातले वडीलधारे म्हणजे न्यार्कोचे मामा. सगळे त्यांना नाना म्हणत. नव्वदीचे असतील, पण काठी आपटली की कोंबड्या अंगण सोडून पळत.

"नाना," एसिल्फींनी बाटल्या पुढे ठेवल्या, "एक शनिवार पुढे ढकलता आलं तर..."

"पुढच्या शनिवारी सरपंचाच्या सासूचं आहे. त्याच्या पुढच्या शनिवारी शिंप्याचं. मग ईस्टर. आमच्या गावात मरणाऱ्यालाही रांगेत थांबावं लागतं, बाबा."

"मग एक आधी?"

"मांडववाला मोकळा नाही, बँडवाला मोकळा नाही. न्यार्कोला घाई नाही, तो कधीही मोकळाच आहे." नानांनी एक बाटली उघडून चार थेंब जमिनीवर सांडले, पूर्वजांना हाका मारल्या आणि उरलेलं स्वतःच्या पेल्यात ओतलं. "पण तुला एवढं काय अडलंय?"

एसिल्फींनी सांगायला तोंड उघडलं, आणि आपण काय मागायला आलोय हे त्यांना पहिल्यांदाच नीट ऐकू आलं. ढेकणांसाठी मित्राचं मयत पुढे ढकला! त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की डोळे भरून आले. "काही नाही, नाना," ते म्हणाले. "श्रद्धांजली मंडळातर्फे मी वाचेन."

घरी येऊन त्यांनी सातव्यांदा तेच पत्र लिहिलं, 'अपरिहार्य कारणास्तव'. व्याख्यानाची वही मात्र पिशवीतून काढली नाही. रक्तदाबाच्या यंत्राशेजारी ती सवयीने पडून राहिली.

शनिवारी मंडळाचे आठही जण खांद्यावरून काळं-तांबडं कापड गुंडाळून आणि उघड्या गळ्यात विद्यापीठाचा पट्ट्यापट्ट्यांचा टाय बांधून मांडवात बसले. शवपेटी अगदी पुढे, पहिल्या रांगेच्या बरोबर मध्ये होती. गावच्या बागाईतदारांनी मांडव गच्च भरला होता. श्रद्धांजल्या सुरू झाल्या. चर्चवाले म्हणाले, न्यार्को प्रेमळ होते, आतिथ्यशील होते, त्यांची पोकळी भरून येणार नाही. शाळावाले म्हणाले, प्रेमळ, आतिथ्यशील, पोकळी. मग सासुरवाडीचे उठले आणि त्यांनीही तेच म्हटलं, फक्त रडत रडत.

एसिल्फींनी आपला कागद पाहिला. पहिला शब्द 'प्रेमळ' होता.

"आता न्यार्कोसाहेबांचे परदेशातले वर्गबंधू," सूत्रसंचालकाने पुकारलं. "फक्त तीन मिनिटं हं, डॉक्टर. गाय शिजलीय."

एसिल्फी माइकपाशी गेले. कागदाची घडी घालून खिशात ठेवली. शवपेटीकडे वळले.

"हा माणूस मला म्हणाला होता, तुझ्या व्याख्यानाला मी पहिल्या रांगेत बसेन, मेलो तरी येईन," ते म्हणाले. "आलाय. आता मी नाही वाचलं तर कसं व्हायचं?"

आणि त्यांनी पिशवीतून वही काढली.

पाचव्या मिनिटाला सूत्रसंचालकाने त्यांचं कापड ओढलं. सातव्या मिनिटाला त्याने बँडला खूण केली आणि तुतारीवाल्याने एक सूर काढलासुद्धा. तेवढ्यात नानांची काठी जमिनीवर आपटली.

"गप बसा रे! झाडांचं बोलतोय तो."

चाळीस मिनिटं मांडवात कुणी खाकरलं नाही. मागच्या रांगांतली माणसं खुर्च्या उचलून पुढे आली. एसिल्फी थांबले तेव्हा टाळी वाजली नाही. एक म्हातारा बागाईतदार उभा राहिला.

"डॉक्टर, माझ्या बागेतली तीस झाडं सुजलीत. औषध काय?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी एसिल्फींना प्रश्न विचारला होता.

"औषध नाही. तोडावी लागतील. शेजारची धडधाकट दिसणारी झाडंसुद्धा."

"माझ्या बापाने लावलीत ती."

"माहीत आहे हो. तरी तोडावी लागतील."

म्हातारा मान हलवत खाली बसला आणि रडायला लागला. त्या दिवशी न्यार्कोसाठी कुणी इतकं मनापासून रडलं नव्हतं. मग दुसरा उठला, तिसरा उठला. अकरा प्रश्न झाले. न्यार्कोला मातीत ठेवायला तासभर उशीर झाला, आणि एसिल्फी घळाघळा रडत होते, अर्धे मित्रासाठी, अर्धे सुखाने. कुठलं कशासाठी, ते त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

नंतर जोलोफ भाताचं ताट घेऊन ते एका कोपऱ्यात बसले. शेजारी मंडळाचे इंजिनियर बेंत्सिल येऊन टेकले. हे गृहस्थ तीस वर्षं पूल बांधण्यात घालवून निवृत्त झाले होते.

"छान झालं," बेंत्सिल म्हणाले. "अक्राच्या हॉलमध्ये आठ टाळकी आली असती, त्यातली चार घोरली असती. इथे चारशे होते." थोडा वेळ त्यांनी हाडूक चोखलं. "पुढच्या मार्चला माझी पाळी आहे ना? खाऱ्या हवेत पुलांना चढणारा गंज. बारा वर्षं काम केलंय मी त्यावर, कुणाला पत्ता नाही."

"ऐकायला आवडेल," एसिल्फी म्हणाले.

"ते यंत्र आहे ना तुझ्या पिशवीत? काढ बघू."

बेंत्सिलनी एसिल्फींच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, आकडे वाचले आणि पोस्टरमागे लिहून घेतले. आकडे बरेच मोठे होते. बेंत्सिलचा चेहरा गंभीर झाला, पण वाईट वाटल्यासारखा काही दिसेना.

"एसिल्फी," त्यांनी हळूच विचारलं, "तुझं गाव समुद्राकाठी ना रे? खाडीवर एक जुना पूल आहे बहुतेक तिथे."

एसिल्फींनी हातातलं मांस ताटात परत ठेवलं.

"आहे," ते म्हणाले. "चांगला गंजलाय."