केळीच्या घडावर बोट ठेवा

ज्याला दिसते त्याला सांगावे लागत नाही, आणि ज्याला दिसत नाही त्याला सांगून उपयोग नाही, या भक्कम तत्त्वावर आमच्या सावद्याच्या केळी संस्थेचे संकेतस्थळ उभे आहे. त्यावर अक्षर म्हणून नाही, सगळी चित्रेच. घडावर बोट ठेवले की कापणीची नोंदणी उघडते, ट्रकवर ठेवले की गाडीची. अध्यक्षांवर ठेवले की अध्यक्षांचे आणखी मोठे चित्र येते.

नवलभाऊ आमचे जुने सभासद. त्यांना दिसत नाही. फोन बोलतो ते ऐकून कामे करतात. बाग कापणीला आली होती. शनिवारपर्यंत नोंद झाली नाही, तर कापणीची टोळी येणार नव्हती, आणि झाडावर पिकलेल्या केळीला व्यापारी हात लावत नाही. भाऊ कार्यालयात आले.

"रतिलालनाना, फोन नुस्ता 'फोटो, लिंक, फोटो, लिंक' म्हनू राह्यला. त्यात घड कोन्ता अन् तुम्ही कोन्ते, मले कसं समजीन? इथंच लिहून घ्या ना!"

अध्यक्षांनी त्यांना प्रेमाने बसवले, चहा पाजला. पण नोंद कार्यालयात घेतली तर संकेतस्थळाचा अपमान होतो, त्यामुळे तातडीने उपसमिती नेमली. (थोडा उशीर झाला तो सदस्यांना घालायच्या हारांमुळे.) प्रत्येक चित्राला फोनने वाचायचा मजकूर जोडायचे ठरले. संगणक सांभाळणारी दिपमाला म्हणाली, "'कापणी नोंदणी', बस, एवढंच टाका." पोरगी हुशार, पण लहान! आमच्याकडे फलकावर ज्याचे नाव राहून जाते, तो पुढच्या निवडणुकीपर्यंत रुसून बसतो. म्हणून घडाला मजकूर लागला: "सन्माननीय अध्यक्ष रतिलालनाना, सर्व आजी संचालक, माजी संचालक व नाराज माजी संचालक यांच्या शुभाशीर्वादाने बहरलेला घड." नोंदणी हा शब्द जागेअभावी गाळला. ट्रकला भेदभाव नको म्हणून हाच मजकूर, फक्त शेवटी ट्रक.

नवलभाऊंनी सगळे आशीर्वाद ऐकले. पुन्हा ऐकले. शनिवार गेला, बाग पिकली, पाखरांची चंगळ झाली. मला खरंच फार वाईट वाटले. म्हणून भाऊंच्या सत्काराचा ठराव मीच मांडला. शाल, नारळ, सगळे झाले. तो फोटो आता संकेतस्थळावर सगळ्यात वर आहे. भाऊंचा फोन त्याला म्हणतो, "फोटो, लिंक."

हसताय? हसा की! मुलीच्या लग्नाची पत्रिका तुम्ही ग्रुपवर फोटो काढूनच टाकली होती ना? त्या ग्रुपात नवलभाऊही होते. त्यांचा फोन "फोटो" एवढेच म्हणाला आणि गप्प झाला. आणि मांडवात चारचौघांत तुम्हीच म्हणालात, "बोलावूनही आले नाहीत हो भाऊ. माणसं बदलतात."