गळ्यातला रिपोर्ट

१२ डिसेंबर. संध्याकाळपर्यंत शेंगदाणा चिक्कीची दोनशे खोकी भरायची होती, आणि शेवंता गिऱ्हाइकाला स्वतःचा रक्ताचा रिपोर्ट दाखवत उभी होती.

लोक नातवंडांचे फोटो दाखवतात, तशी ती तो दाखवते. लॅमिनेट करून, भोक पाडून, दोरीने गळ्यात अडकवलेला. "सिकलसेल हाय मला. डबलवाला, आई-बा दोगांकडनं आल्याला," ती सांगते. मग समजावते, की रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात आणि हाडं ठणकतात. "आन वय बघा माझं. बावन्न. वर्सातनं दोनदा दुखतं, बास."

याचं श्रेय ती चिक्कीला द्यायची. गूळ-शेंगदाणा खावा, काम करावं, कुरकुरू नये. आमच्या लोणावळ्याच्या दुकानात ती वीस वर्षं पॅकिंगला आहे, मी तिची सुपरवायझर. या जाहिरातीवर मालक अर्थातच खूश.

तिची धाकटी बहीण अनसूया तळेगावला सोसायटीत राहते. आजार आधी तिचाच निघाला. डॉक्टर भावंडांनाही तपासा म्हणाले, म्हणून शेवंताचा कळला. पण अनसूया महिन्यातून आठ दिवस अंथरुणात. कारखान्यातली नोकरी तिला टिकवता आली नाही. शेवंताचं निदान तयार होतं. "धाकली म्हनून आईनं लाडावली. दुखलं की झोपती." दर दिवाळीला दोन किलो चिक्की पाठवायची, कशी आणि किती खायची या सूचनांसकट.

तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या मुलाच्या हळदीला अनसूया उठू शकली नाही, तेव्हा शेवंता भर मांडवात म्हणाली, "सोंग पुरं झालं." त्या दिवसापासून दोघी बोलत नव्हत्या. चिक्कीही बंद झाली.

तर १२ डिसेंबरला दुपारी शेवंताची तपासणी होती. दवाखान्यात नवे डॉक्टर आलेले, म्हणून मी सोबत गेले. ती त्यांनाच आहार शिकवायची भीती होती. तिने शिकवलाच. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, बहिणीला कसा त्रास होतो? शेवंताने गळ्यातलं कार्ड उलटं केलं. मागच्या बाजूला अनसूयाचा रिपोर्ट होता. वीस वर्षं तिच्या शेजारी खोकी भरतेय मी, ते कार्ड कधी उलटं पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी दोन्ही वाचले. म्हणाले, बिघाड दोघींत एकच. पण पेशी अडकल्या की अंगात दाह उठतो. तो किती भडकू द्यायचा आणि कधी आवरायचा, हे ठरवणारी जनुकं वेगळी असतात, आणि ती सख्ख्या बहिणींतही सारखी नसतात. इतरही कारणं असतात, सगळं अजून कळलेलं नाही.

"म्हंजी पाक एकच, आच येगळी," शेवंता म्हणाली.

"बरोबर."

"मग चिक्की?"

"चिक्की चांगली असते. पण ही तिची कामगिरी नाही."

"माझी?"

"तुमचीही नाही."

एवढ्या वर्षांची फुशारकी एका मिनिटात गेली, तर मी तरी भांडले असते. शेवंताने हळूच विचारलं, "म्हंजी अनूचं कायच चुकलं न्हवतं?"

"काहीच नाही."

"लिवून द्या."

डॉक्टर हसले, पण तिने कागद पुढे केला. दोन ओळी लिहून, सही घेऊनच ती उठली. परतताना झेरॉक्सच्या दुकानात थांबून तो कागद लॅमिनेट केला. खोकी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर लोकलने तळेगावला गेले. अनसूयाने दार उघडलं, अंगावर शाल, एक हात चौकटीला धरलेला. मला वाटलं, शेवंता कागद देईल आणि रडेल. ती मागे सरकली, जिन्याच्या मधोमध उभी राहिली आणि मांडवात बोलली होती त्याच आवाजात कागद वाचू लागली. "अनसूया यांचा यात कोणताही दोष नाही." शेजारची तीन दारं उघडली. ती थांबली नाही. सहीपर्यंत वाचलं, डॉक्टरांच्या शिक्क्यासकट. मग म्हणाली, "मी चुकले व्हते. समद्यांनी ऐकलं न्हवं?"

इतक्या वर्षांत तिचा एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता.

अनसूयाने दार पूर्ण उघडलं. मग म्हणाली, "आत ये अक्का. गार वारं लागंल तुला."

मी दार बाहेरून ओढून घेतलं, पुढची लोकल पकडली आणि दुकानात येऊन शेवंताच्या वाटची खोकी भरायला बसले.