मागं ट्राली हाय

आमचा धाकला दीर सुदाम टीव्हीवर रेसची गाडी खेळतो, आन दर वळनाला मान मोडून मागं बघतो. मागं काय? भिंत, आन भिंतीला टेकवलेली ज्वारीची पोती. तरी बघतो. उजवा हात बाहेर काढून वळायची खूनबी करतो. एकदा तो हात माझ्या चहाच्या कपाला लागला, तर मलाच म्हनला, "वैनी, रस्त्यात कशाला बसल्या?"

त्याचा लेक पुन्याला कंपनीत हाय. त्यानंच गेम आनून टीव्हीला जोडून दिला. म्हनला, बाप घरात बसून येडा हुईल, जरा खेळंल. झालं उलटंच. बाकीच्या गाड्या सूं सूं करत चार-चार बारी ह्याला मागं टाकत्यात, आन ह्यो बैलाच्या चालीनं. शेजारचा बाबू दारातनं वरडतो, "तात्या, पळवा की! रेस हाय ती, वरात न्हाई!"

"मागं ट्राली हाय," सुदाम म्हनतो. "पळवून चालत न्हाई."

सहा वर्सांमागं खरंच ट्राली हुती. ऊस घेऊन कारखान्याला निघालतो. सुदाम ट्रॅक्टरवर, मी आन माझा मालक, त्याचा थोरला भाऊ, मागं उसावर. वळनावर ट्राली पालटी झाली. मी कडंला फेकले गेले, मालक उसाखाली गेला, तो गेलाच. फुडल्या साली मी अर्धा कोयता झाले. नवरा-बायकू मिळून एक कोयता; जोडी नसली की मुकादम बाईला अर्धंच धरतो. तोडला ऊस. काय करती? सुदामनं मातूर परत हँडल धरलं न्हाई. त्याची मोटारसायकल अंगनात रिकाम्या पोत्याखाली उभी. लेक आला की किका मारून जातो, तेवढंच.

गेममधी त्याचा एकच नेम. धा फेऱ्या, कुटं न टेकता. टेकली की रिमोट खाली, आन त्या दिशी चहा बंद. धा कवाच झाल्या न्हाईत.

परवा माझ्या मोतीबिंदूच्या आपरेशनाची बीडला तारीख हुती. फाट्यावरनं एस्टी हाय, पन तितवर पायी जायाला मला दिसत न्हाई. म्हनलं, "भावजी, तेवढं फाट्यापतूर सोडा."

"धा झाल्या तर सोडतो," म्हनला, आन सकाळच्या पारी गेम लावला.

मी पिशवी मांडीवर घेऊन बसले. एस्टीला तासभर हुता. टीव्हीवरचे मला नुसते रंग कळायचे, फेऱ्या बाबू मोजायचा. सात झाल्या. आठ. बाबूचं हसनं थांबलं. नवव्या फेरीला गाडी पार कडंला गेली. टेकली न्हाई. धाव्वी लागली. शेवटचं वळन आलं, आन मागनं लाल गाडी आली. सुदामनं तिला साईड दिली. खर्रकन आवाज झाला.

"टेकली," बाबू हळूच म्हनला.

सुदामनं रिमोट खाली ठिवला. "वैनी, बाबूसंगं जा. माझ्या मागं नगा बसू."

म्या म्हनलं, "साईड दिली म्हनून टेकली. तवाबी तुमी साईडच दिलती. जीप रस्ता सोडून अंगावर आलती. म्या उसावरनं बघितलं."

"जीप?" त्यानं माझ्याकडं बघितलं. "डोस्क्याला मार लागला, तवाचं मला काईच याद न्हाई, वैनी. मला वाटलं, म्याच पळवली."

"मला वाटलं, तुमाला ठावं हाय."

सहा वर्सं एका चुलीवरचं जेवलो, आन ही गोष्ट निघाली न्हाई. बाबू चप्पल घालून घरी गेला. मंग सुदामनं उठून मोटारसायकलवरचं पोतं वढलं. चौथ्या किकंला गाडी लागली.

फाट्यापतूर त्यानं गाडी बैलाच्या चालीनंच आनली. एस्टी आली. त्यानं मला हाताला धरून वर चढवलं, खिडकीपाशी बसवलं, आन माझ्या शेजारी टेकला.

म्हनलं, "अवं, गाडी फाट्यावर हाय की."

"राहू द्या," म्हनला. "तुमची पट्टी सोडताना समोर कुनीतरी घरचं लागंल."