पादरीबाबा आणि गव्हाची खीर

आरतीनंतर कोणी ‘शांतिः’ म्हटलं, की पादरीबाबा कानांवर हात ठेवत. “शांति बाद में,” ते म्हणत, “पहले साथ।”

काळा पायघोळ झगा, छातीपर्यंत दाढी आणि पायांत हवाई चप्पल. बाबा युक्रेनमधल्या एका खेड्यातले. तरुणपणी इथे काशीच्याच विद्यापीठात हिंदी शिकलेले. तेवढ्या भांडवलावर, युद्ध पेटल्यावर, त्यांच्या वरिष्ठांनी त्यांना काशीला धाडलं. काम एकच: इथल्या पंडितांकडून युक्रेनच्या बाजूने एक जाहीर शब्द मिळवायचा. दूधविनायकाच्या आमच्या गल्लीत त्यांनी खोली घेतली आणि आम्हा सगळ्यांच्या मानगुटीवर बसले.

रोज एक घर. पंडितजी चहा पाजत, विश्वकल्याणावर बोलत, युद्ध वाईटच म्हणत आणि निरोप देत. माझ्या वैदिक काकांनी तर अख्खा शांतिपाठच म्हणून दाखवला. बाबांनी तो शेवटपर्यंत ऐकला आणि विचारलं, “इसमें हमारी तरफ़ से कौन बोला?” काका आठवडाभर धुसफुसत होते.

बाबांच्या पंथात धर्मगुरूला लग्न करता येतं. बायको मागेच वारली होती. एकुलता मुलगा आघाडीवर होता आणि हिवाळ्यापासून त्याची काही खबर नव्हती. गल्लीत कोणी हळहळलं, की बाबा ठणकावत, “लापता है, बस।”

जेवायला मात्र आमच्याकडे. वरणभात, ठेचा, काहीही चाले. फक्त काकूने गव्हाची खीर वाढली, की वाटी सरकवून देत. काकूच्या खिरीला नाही म्हणणारा माणूस गल्लीत जन्मला नव्हता. तिने गूळ वाढवला, खोबरं घातलं, जायफळ किसलं. वाटी परतच. एवढे मोठे पादरी, पण जिभेला चव नाही, असा तिने निकाल दिला.

भाद्रपदात एका सकाळी बाबा आमच्या दारात उभे राहिले. भाषण नाही, काही नाही.

“बहनजी, आज वह खीर बना देंगी? पूरी गली के लिए।”

काकू हरखली. मोठं पातेलं चढवलं. गहू शिजेपर्यंत ‘आले की नाही बाबा वळणावर!’ हे तिने मला तीनदा तरी ऐकवलं. खीर झाल्यावर बाबांनी पातेल्याशेजारी मेणबत्ती लावली आणि सांगितलं, की त्यांच्याकडे असा गोड गहू मेलेल्या माणसासाठी शिजवतात. पहाटे फोन आला होता. मुलाचं प्रेत सापडलं होतं.

काकूने डाव खाली ठेवला. मला रडू आवरेना. मग तिने पदर खोचला आणि गल्लीतलं एकेक दार वाजवलं. ज्यांनी एक शब्द दिला नव्हता ते सगळे आले आणि अंगणात मांडी घालून बसले.

काकांनी मृताच्या नावाचं अन्न जन्मात कधी तोंडाला लावलं नव्हतं. त्यापायी चांगले यजमान तोडले होते. ते बाबांना खेटून बसले. त्यांच्या ओठांवर शांतिपाठ आलेला मला दिसत होता. तो त्यांनी आवरला आणि वाटी पुढे केली.

“वाढ,” ते काकूला म्हणाले. “भरून वाढ.”