नळीतलं विरजण

प्रतिमाकाकू शनिवारी दुपारी नेपरव्हिलहून परत येणार होत्या आणि अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या घरात विरजणाचा टिपूससुद्धा नव्हता. महिनाभर लेकीकडे जाताना त्यांनी त्र्यंबककाकांना एकच काम सांगितलं होतं: "रोज चमचाभर बाजूला ठेवा. चौऱ्याहत्तर साली आईकडून आणलंय, तीस वर्षं जगवलंय मी!" काकांनी गुरुवारी दहीभाताच्या नादात वाटी चाटूनपुसून संपवली. काका निवृत्त डॉक्टर होते, पण मेलेल्या विरजणापुढे त्यांचंही काही चालेना.

वरच्या खोलीत राहणारी, मेंदूवर संशोधन करणारी उल्का धावून आली. काकूंच्याच विरजणाचं दही तिच्या लॅबशेजारच्या लॅबमधल्या अमितकडे होतं. त्याने थोडं कोऱ्या नळीत भरून, वर फॉइल गुंडाळून दिलं. उल्काने ती नळी पाचच मिनिटं आपल्या बर्फाच्या डब्यात ठेवली. त्या डब्यात तिच्या प्रयोगाच्या दोन नळ्या होत्या, त्याही फॉइल गुंडाळलेल्या. घाईत निघताना तिने एक उचलली.

शुक्रवारी रात्री काकांनी ती कोमट दुधात ओतली. विरजण पाण्यासारखं दिसत होतं, पण काकांचा स्वयंपाकघराशी संबंध जेवणापुरताच. सकाळी पाहतात तर दूध ते दूधच. पुरावा नको म्हणून त्यांनी ते साखर घालून पिऊन टाकलं. ओठ पुसतायत तोच फोन वाजला.

"काका, ती नळी वापरू नका! इथे माझ्या नळीतून दही निघालंय!"

"वापरली."

"मग ते दूध फेकू नका, प्लीज!"

"फेकलं नाही. प्यायलो."

उल्का रडायच्या बेतात आली. "काका, तो माझा ग्रोथ फॅक्टर होता, पेशी वाढवणारं प्रोटीन! मेंदूत बाकीच्यांना आवर घालणाऱ्या ज्या पेशी असतात ना, त्यांना वाढताना हा मिळाला, की निरोप पकडणारे रिसेप्टर त्यांच्यावर नीट तयार होतात का, तेच मी बघतेय. सहा महिने झाले! सोमवारी प्रोफेसरांना काय सांगू?"

"अगं, प्रोटीनच ना? पोटात पचून जाईल. मला काही होत नाही."

"तुम्हाला नाही हो, मला होईल!" उल्काने फोन आपटला.

काकांना खरंच वाईट वाटलं. त्यात दुपारी दारात काकूंची टॅक्सी थांबली.

एरवी काकांचं कुठल्याही प्रश्नाला पहिलं उत्तर "नाही" असायचं. पण आज मनात चोर होता.

"अहो, गराज आवरायचं का आज?" काकूंनी नेहमीसारखं हवेत विचारलं.

"हो."

काकूंच्या हातातली पर्स खाली पडली. "आणि पुरुषोत्तमभाऊजींकडे भजनाला?"

"जाऊ या की."

"ताप आहे का तुम्हाला?" काकूंनी कपाळाला हात लावला. विरजणाचं कबूल करण्यापेक्षा काकांना थाप मारणं सोपं वाटलं. उल्काचं औषध चुकून प्यायलो, त्याचाच हा परिणाम, असं सांगून त्यांनी आवर घालणाऱ्या पेशींचं सगळं आख्यान लावलं.

"म्हणजे तुमच्या मेंदूला आता कान उगवले!" काकूंना आनंद मावेना. "तीस वर्षांपूर्वी का नाही निघालं हे?"

त्यांनी पदर खोचून यादीच केली. काकांनी गराज आवरलं, तळघर झाडलं, साठ सालापासूनची मेडिकल जर्नल्स दोरीने बांधून कचऱ्याशेजारी ठेवली. डोळ्यांत पाणी होतं, पण तोंडात "हो" होतं.

संध्याकाळी फोन काकूंनी उचलला.

"काकू, घाबरून मी दुसरी नळी पाहिलीच नव्हती!" उल्का किंचाळत होती. "ग्रोथ फॅक्टर इथेच आहे! काकांनी प्यायलं ते तुलनेसाठी ठेवलेलं नुसतं खारं पाणी! पण विरजणाचं काय झालं शेवटी?"

काकूंनी हळूच फोन ठेवला. "खारं पाणी पिऊन गराज आवरलंत? आणि विरजणाचं काय?"

काकांनी मान खाली घातली. "संपलं. मीच खाल्लं. तीस वर्षांचं विरजण गं... चुकलं माझं."

काकू पोट धरून हसायला लागल्या. "अहो, ते अठ्ठ्याहत्तरच्या हिमवादळात लाइट गेले तेव्हाच गेलं! तेव्हापासून दुकानातल्या डब्यातलंच लावतेय मी. तुम्हाला कुठे कळलं!"

काका सव्वीस वर्षांची बेरीज करत राहिले. मग उठले आणि कचऱ्याशेजारची जर्नल्स एकेक करून घरात आणू लागले.

"अहो, भजनाला निघायचं ना?"

"नाही," काका म्हणाले.

काकूंनी पुन्हा उल्काचा नंबर फिरवला. "उल्का, अगं ते खारं पाणी आणखी आहे का? असर उतरला बघ."