पुस्तकातला गालिचा आणि आमची सतरंजी

उडत्या गालिच्याची ती कादंबरी तोंडपाठ असलेला माणूस साऱ्या सोलापुरात एकच होता, आणि तो मी! राक्षसाला डोकी किती, राजकन्येच्या पायात पैंजण कसले, झोपेतून उठवून विचारा! म्हणून त्या कादंबरीचा मुका खेळ थेटरात लागला तेव्हा मी गल्लीत जाहीर केलं, "सगळ्यांनी चला! सिनेमावाले पुस्तकाची कशी माती करतात ते जागच्या जागी दाखवतो!"

आतली गोष्ट निराळी. आदल्या साली हे सिनेमावाले किल्ल्यापाशी चित्रं घ्यायला आले, तेव्हा मॅनेजरनं मला खेळात चक्क प्रधान केलं होतं! बदल्यात मागितली एक सतरंजी, नटमंडळींना जेवायला बसायला. "खेळ तयार झाला की परत पाठवतो," म्हणाला. पण आमच्या बायकोची, केराबाईची, सतरंजी तिच्या केमच्या माहेरची! ती मागून मिळते थोडीच! गुपचूप दिली, आणि घरी सांगितलं, दोरीवरून चोरीला गेली.

केराबाईचा संशय थेट शेजारच्या रत्नम्मावर! का, तर सतरंजीचा जळका कोपरा रत्नम्मानंच कोयरीच्या आकाराचं ठिगळ लावून सांधला होता. "तवाच तिची नजर बसली!" झालं, बोलणं बंद. केराबाई तिच्या दोरीवरचं प्रत्येक धुणं फौजदारासारखी न्याहाळायची. रत्नम्मा आमच्या दाराकडं तोंड करून मांजराला शिव्या द्यायची. मी म्हणायचो, सतरंजी आली की मिटेल.

थेटरात आम्ही पुरुष पुढं, बायका कनातीपलीकडं. राक्षस आला. "पुस्तकात याला बारा डोकी!" मी ओरडलो. राजकन्या हसली. "इथं ती रडते!" घोडा दौडला. "तो पांढरा पाहिजे!"

"काका, पुस्तक गिळा आता!" पुढच्या बाकावरचा मायाप्पा खेकसला.

एवढ्यात राजपुत्रानं गालिचा झटकला. पुस्तकात तो चांदण्याच्या सुताचा, मोत्यांच्या झालरीचा. पडद्यावर मात्र कोपऱ्यात कोयरी!

"अवं, गप का झाला?" कनातीमागून केराबाई. "गालिचा पुस्तकात असाच हाय व्हय?"

"अगदी... अगदी असाच!"

"राक्षस चुकला, घोडा चुकला, आन् गालिचा तेवढा बरुबर? कोयरीसकट?"

"कोयरी पुस्तकात आहेच की!"

मग वर्षभर मुकी असलेली रत्नम्मा बोलली, "अक्का, ते टाके माझे हायत! पुस्तक लिवणाऱ्याच्या घरी मी कवा गेले ठिगळ लावायला?"

थेटर असं हसलं की पेटीवाल्याचा सूर हुकला! कनात गदागदा हलली. "रत्नम्मा, उगीच आळ घेतला की गं तुझ्यावर!" पलीकडं दोघी गळ्यात गळा घालून रडत होत्या. मला भर थेटरात प्रधानकीसकट सगळं ओकावं लागलं.

"निदान परत तरी येती का?" केराबाईनं दरडावलं.

"येते की! पुस्तकात राजपुत्र शेवटी गालिचा ज्याचा त्याला नेऊन देतो. मॅनेजरचाही शब्द आहे!"

तेवढ्यात राक्षसानं जबडा उघडला. हा एवढा जाळ! गालिचा धडधडून पेटला. कोयरी सगळ्यात शेवटी जळाली. मुक्या खेळात मला जळक्या सुताचा वास आला, शप्पथ!

मी बाकावर उभा राहिलो. "खोटं! साफ खोटं! पुस्तकात हे नाही!"

"खाली बसा," केराबाई म्हणाली. "घरी चला, मग सांगते पुस्तकात काय हाय ते."

आणि माझा प्रधान? तो सबंध खेळात कुठंच नव्हता!

हल्ली दोघी रोज रत्नम्माच्या नव्या सतरंजीवर पान खात बसतात, आणि मी शहाबादी फरशीवर. परवा धीर करून म्हटलं, "जरा कोपरा द्या की."

केराबाईनं चुना लावता लावता विचारलं, "पुस्तकात परधान सतरंजीवर बसतो व्हय?"

आता पुस्तक पाठ असल्यावर खोटं कसं बोलणार! प्रधान बिचारा पहिल्या पानापासून उभाच असतो.